कुंडीतलं रान

अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा राज्य आहे. तिथल्या सेंट पॉल शहरात जानेवारी-फेब्रुवारीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत ह्मोंग कुटुंबाच्या घरात गेलात, तर खिडकीशी रंगाचे रिकामे डबे, जुन्या बादल्या आणि फुटके टब ओळीनं मांडलेले दिसतील. एकात गवतासारखी चपटी, सुवासिक पाती असतात. दुसऱ्यात लालजर्द पानांचं रोप असतं, बागेतलं शोभेचं वाटावं असं. तिसऱ्यात गवती चहा. उन्हाळा आला की हे सगळं अंगणात जातं आणि पहिलं हिम पडायच्या आत पुन्हा घरात येतं. घरात कुणी बाळंत झालं की या डब्यांतली पानं खुडून कोंबडीच्या पातेल्यात पडतात.

ह्मोंग हे मूळचे दक्षिण चीनमधले डोंगराळ लोक. तिथून ते व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या डोंगरांत पसरले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमधल्या ह्मोंग तरुणांना अमेरिकेच्या सीआयएनं हाताशी धरलं आणि जनरल वांग पाव यांच्या हाताखाली एक गुप्त फौज उभी केली. १९७५ साली लाओस साम्यवाद्यांच्या हाती गेला. या लोकांपैकी अनेकांनी मेकाँग नदी ओलांडली आणि थायलंडच्या छावण्या गाठल्या. तिथून हजारो कुटुंबं अमेरिकेत आली. आज एकट्या मिनेसोटात नव्वद हजारांवर ह्मोंग आहेत. नदी ओलांडताना भांडी सुटली, दागिने बुडाले, माणसंही गेली. पण छावणीत पोहोचलेल्या बायकांनी ओळखीच्या झाडांच्या फांद्या पुन्हा शोधून लावल्या आणि पुढे त्यांचीच छाटणी नातेवाइकांच्या हातून देशोदेशी गेली. या औषधी झाडांतली बरीचशी बीवर नाही, फांदीवर किंवा मुळाच्या तुकड्यावर वाढतात. म्हणजे रोप हवं तर कुणाकडून तरी मागूनच आणावं लागतं.

ह्मोंग भाषेत औषधाला ‘छुआ’ म्हणतात आणि औषध जाणणाऱ्याला ‘कू छुआ’. ही जाणकार बहुधा एखादी वयस्क बाई असते. समाधी लावून हरवलेला आत्मा शोधून आणणारा ‘त्सी नेंग’ निराळा, त्याच्याशी हिची गल्लत करू नये. ताप, खोकला, हगवण, मुरगळ, अंगावरचं पुरळ अशी दुखणी आधी पानापाल्याकडे जातात. पाल्यानं गुण आला नाही की मगच आत्म्याची चौकशी सुरू होते. कू छुआचीही स्वतःची देवळी असते, कारण औषधालाही आत्मा आहे असा समज. म्हणून औषध फुकट न्यायचं नाही. नाममात्र का होईना, काहीतरी ठेवायचं.

या विद्येचा सगळ्यात नांदता भाग म्हणजे बाळंतिणीचा आहार. बाळ झालं की तीस दिवस आईनं गरम भात, उकडलेली कोंबडी आणि तिचं पानं घातलेलं पाणी एवढंच घ्यायचं. थंड पाणी नाही, फळ नाही, कच्चा पाला नाही. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या बाळंतपणाची, डिंकाच्या लाडवांची आणि बाळंतशोपेची आठवण येते खरी, पण तिथे गूळ-तुपाची चैन नाही. मीठ, थोडी मिरी आणि पाला, बस्स. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी रुग्णालयांत नुकत्याच बाळंत झालेल्या ह्मोंग मुलींपुढे बर्फाचं पाणी आणि थंड जेली ठेवली जाई. मुली तोंड फिरवत, तोवर सासू थर्मासमधून रस्सा घेऊन दारात उभी असे.

पातेल्यात पडणारी ती गवतासारखी पाती म्हणजे वेखंडाची धाकटी बहीण. आपलं वेखंड अकोरस कॅलामस, त्यांचं अकोरस ग्रामिनियस. आपल्या आज्या वेखंड उगाळून बाळाच्या टाळूला, पोटाला लावत. ह्मोंग आज्या तिच्या बहिणीला कोंबडीसोबत शिजवतात. लाल पानांचं ते रोप म्हणजे ‘कॉ लिया’. ‘लिया’ म्हणजे लाल. बाळंतिणीचं रक्त भरून यावं म्हणून ते रश्शात पडतं. गंमत अशी, की ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे. आपण ज्याला हजारो वर्षांची परंपरा म्हणतो, त्या परंपरेतलं सर्वांत लाल पान जहाजानं आलेलं आहे. मला यात परंपरेचा कमीपणा वाटत नाही. तिच्या अंगी अजून नवं पारखून घ्यायची ताकद होती, एवढंच त्यावरून कळतं.

असाच दुसरा पाहुणा आपल्याही ओळखीचा आहे. कोकणात आणि घाटात शेताच्या बांधावर माजणारी रानमोडी अमेरिका खंडातून आली आणि आशियाभर पसरली. शेतकरी तिला शिव्या देतात. थायलंडच्या डोंगरांत मात्र तिची कोवळी पानं चुरगळून जखमेवर दाबतात, रक्त थांबवायला. आपल्याकडे दगडीपाल्याचा तोच उपयोग होतो आणि दगडीपालाही परदेशीच. सेंट पॉलच्या फुटपाथच्या भेगांतून उगवणारं एक चपट्या पानांचं तण आहे. ते आपल्या इसबगोलाचं सख्खं भावंड. गोऱ्यांच्या पावलांबरोबर ते युरोपातून तिथे आलं, म्हणून मूळ रहिवाशांनी त्याला ‘गोऱ्या माणसाचं पाऊल’ म्हटलं. आग्नेय आशियातल्या लोकांना ते लघवीच्या जळजळीवर आणि मुतखड्यावर ठाऊक होतं. शेजारी ज्यावर तणनाशक फवारतो, तेच या घरातली आजी खुडून आणते.

शहरात या पाल्याची पेठही आहे. कोमो ॲव्हेन्यूवर लाकडाची एक जुनी वखार होती. २००४ साली तिथे ह्मोंगटाउन मार्केटप्लेस सुरू झालं. २०१० साली शहराच्या पूर्व भागात ह्मोंग व्हिलेज उघडलं. भरतकामाच्या जाकिटांच्या आणि पपईच्या आंबट-तिखट कोशिंबिरीच्या गाळ्यांच्या आसपास वाळकी मुळं, सालींच्या जुड्या आणि हिरव्या पाल्याच्या पेंढ्या मांडून बायका बसलेल्या असतात. कोंबडीच्या रश्शाचा सगळा पाला एकाच पेंढीत बांधून मिळतो, आपल्याकडे भाजीवाली कोथिंबीर, मिरची, आलं एकत्र देते तसा.

याच शहरात कारेन लोकही मोठ्या संख्येनं राहतात. ते ब्रह्मदेशाच्या पूर्व सीमेवरचे. दशकानुदशकांच्या यादवीतून पळून ते थायलंडच्या छावण्यांत वीस-वीस वर्षं राहिले. त्यांतली सर्वांत मोठी माए ला ही छावणी १९८४ सालची. अमेरिकेची दारं त्यांच्यासाठी मोठ्या प्रमाणावर उघडली ती २००५ नंतर. त्यांचा पाला मराठी स्वयंपाकघराला जास्त जवळचा. अंबाडी त्यांना जीव की प्राण. मिनेसोटाच्या चार महिन्यांच्या उन्हाळ्यातही ते ती लावतात. सर्दीला आलं आणि गवती चहा, पोट बिघडलं तर पेरूची कोवळी पानं, बाळंतिणीच्या अंगाला हळद. यातलं काहीच आपल्याला समजावून सांगावं लागणार नाही.

कारेन लोकांचं झाडाशी नातं मात्र औषधाच्याही पलीकडे जातं. डोंगरातल्या त्यांच्या गावांत मूल जन्मलं की त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून रानातल्या एका झाडाला बांधतात. ते झाड त्या मुलाचं. ते तोडलं तर मुलाला इजा होते असं मानतात, म्हणून कुणी तोडत नाही. जितकी माणसं तितकी झाडं राखली जातात आणि त्यांच्या सावलीत बारीकसारीक औषधीही टिकतात. २०१८ साली साल्वीन नदीकाठच्या कारेन लोकांनी सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश शांतता उद्यान म्हणून जाहीर केला. त्यामागे उभे असलेले कारेन कार्यकर्ते पॉल सेन त्वा यांना २०२० साली पर्यावरणाचं गोल्डमन पारितोषिक मिळालं.

आता वाईट बाजू. १९८३ साली मिनेसोटात काही ह्मोंग मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. घरांच्या भिंतींचा जुना रंग तपासून झाला, पण खरं कारण घरातल्या औषधाच्या पुडीत निघालं. ‘पे-लू-आ’ नावाचं केशरी-लाल चूर्ण ताप आणि पुरळ यांवर मुलांना दिलं जात होतं. त्यात शिसं होतं आणि आर्सेनिकही. पुढे २००९ साली इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात ब्रह्मदेशातून आलेल्या मुलांच्या बाबतीत तेच घडलं. ‘डॉ त्वे’ नावाच्या पचनाच्या औषधात शिसं निघालं. गालाला लावायच्या ‘थनाखा’वरही संशय गेला. थनाखा म्हणजे सालीचा चंदनासारखा उगाळलेला लेप. कवठाच्या झाडाची सालही त्याला वापरतात.

दोन्ही ठिकाणी घात केला तो पुडीनं. खिडकीतल्या कुंडीतलं पान घरातल्या बाईनं स्वतः लावलेलं असतं, तिला त्याचा वास ठाऊक असतो. चूर्ण कुणी कुटलं, कुठे कुटलं, त्यात काय मिसळलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. अर्थात पान म्हणजे निर्धोक असंही नाही. वेखंडातल्या असारोनमुळे अमेरिकेनं १९६८ सालीच त्याचा खाण्यात वापर बंद केला. धाकट्या बहिणीतही ते द्रव्य आहेच.

डॉक्टर आणि आजी यांच्यातली दरी काय करू शकते, ते ॲन फॅडिमन यांच्या १९९७ सालच्या पुस्तकामुळे जगाला कळलं. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावातली एक ह्मोंग मुलगी आणि तिचा अपस्मार हा त्याचा विषय. त्याच गावातल्या मर्सी रुग्णालयानं २००९ पर्यंत ह्मोंग मांत्रिकांना, म्हणजे त्सी नेंगना, खाटेपाशी ठरावीक विधी करायची रीतसर मुभा दिली. या मुभेमागे भाबडेपणा नव्हता. मांत्रिकाला आत घेतलं की घरच्यांचा डॉक्टरांवर विश्वास बसतो, हा हिशेब होता. तापात अंगावर तुंबडी लावल्याचे गोल वळ पाहून मुलाला मारहाण झाल्याचा संशय घेणारे डॉक्टर तिथे पूर्वी होतेच. आपल्या गावाकडे तुंबडी पाहिलेल्या माणसाला ते वळ लगेच ओळखता आले असते.

आपल्याही घरांत बाळगुटी उगाळली जाते, कुणीतरी दिलेली भुकटी मधातून चाटवली जाते आणि दवाखान्यात विचारलं की ‘काही नाही दिलं’ असं सांगितलं जातं. तसं करू नका. मूल आजारी पडलं तर घरात काय दिलं, किती दिलं, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. पुडी असेल तर ती सोबत न्या.