नडगीतले गवंडी

दौंडला पहाटे पाचच्या आत घराबाहेर पडलं की दोन आवाज कानावर येतात. एक जंक्शनवरच्या इंजिनाचा आणि दुसरा डांबरावर पडणाऱ्या बुटांचा. ही भरतीची पोरं. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडलाच आहेत, नानवीजचं पोलीस प्रशिक्षण केंद्र तालुक्यातच आहे. खाकी वर्दी इथल्या मुलांनी शाळेच्या वयापासून रोज पाहिलेली असते. तिकडे शिरूर तालुक्यात न्हावरे, रांजणगाव, तळेगाव ढमढेरे, कुठल्याही रस्त्याला उजाडायच्या आधी हीच धावपळ. ‘सोळाशे’ हा इथे नुसता आकडा राहिलेला नाही, ते परीक्षेचं नाव झालंय. शिपाई भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर. राखीव दलात जायचं तर पाच किलोमीटर, आणि त्या एका धावेला ५० गुण.

याच रस्त्यावर एखाद्या मोरीच्या कठड्यावर एक पोरगा बसलेला दिसतो. ट्रॅक पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर सारलेला, आणि अंगठ्याने तो नडगीची आतली कड वरून खाली दाबत असतो. काय झालं म्हणून विचारलं तर दोनच शब्द सांगतो: “शीन पेन.” बाकीचे धावता धावता सल्ला देतात. गरम पाण्याने शेक, क्रेप बँडेज बांध, आंबेहळदीचा लेप लाव, गोळी घे आणि पळ. पण त्याच्या अंगठ्याखाली, कातडीच्या जेमतेम काही मिलिमीटर आत, त्या क्षणी जे काम चाललेलं असतं ते कळलं तर हे सगळे थांबून त्या नडगीकडे पाहत राहतील, अशी माझी खात्री आहे.

आधी त्या अंगठ्याबद्दल. तो पोरगा नकळत एक खरी तपासणी करत असतो. नडगीची आतली बाजू ही शरीरातली मोठी सोयीची जागा, तिथे हाडावर स्नायू नाही, कातडीखाली थेट हाड लागतं. दाबत खाली येताना दुखरी जागा चार-सहा बोटं लांब पसरलेली असेल, आणि अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होत असेल, तर हाडाच्या पृष्ठभागाला ताण आलाय पण बहुधा अजून वेळ आहे. पण अंगठा एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर आला की पोरगा कळवळत असेल, त्या पायावर एकदा उडी मारली की डोळ्यांत पाणी येत असेल, रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हाडाला बारीक भेग पडत चाललेली असू शकते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडणं नाही, आपटणं नाही, अपघात नाही. नुसतं पळून पळून हाड तडकतं.

असं का व्हावं? हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाकूड येतं. वाळकं, मुकं, मोडलं की मोडलं. खरं तर हाडाइतकं गजबजलेलं गाव शरीरात क्वचितच सापडेल. माणसाच्या सांगाड्यात ऑस्टिओसाइट नावाच्या सुमारे ४२ अब्ज पेशी हाडाच्या आत, प्रत्येक आपापल्या खळगीत, जन्मभर कोंडून घेऊन बसलेल्या असतात. प्रत्येकीला कित्येक बारीक तंतू असतात आणि ते हाडातल्या सूक्ष्म नळ्यांमधून शेजारणीच्या तंतूंना भिडलेले असतात. पाऊल पडलं की हाड डोळ्यांना न दिसेल इतकं वाकतं, नळ्यांतलं पाणी हलतं आणि त्या हलण्यावरून पेशींना भार कळतो. कुठे किती वजन आलं, कोणत्या दिशेने आलं, याची खबर सगळीकडे जाते.

खबर मिळाली की हाड स्वतःला बदलतं. बर्लिनच्या यूलियस वोल्फ या शल्यविशारदाने १८९२ मध्ये हे पुस्तकरूपाने मांडलं. पुढे १९७७ मध्ये ८४ व्यावसायिक टेनिसपटूंचे दंड एक्स-रेवर मोजले गेले. पुरुषांमध्ये रॅकेट धरणाऱ्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा जवळजवळ ३५ टक्के जाड निघाली, बायकांमध्ये २८ टक्के. माणूस एकच, जेवण एकच, रक्त एकच, आणि दोन हातांची हाडं वेगळी. उलट अंतराळात, जिथे पायावर भारच नाही, तिथे अंतराळवीराच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं.

हे बदलणं कसं होतं, ते मला सगळ्यांत जास्त चकित करतं. भेग पडली की तिच्या वाटेतल्या सूक्ष्म नळ्या तुटतात, तिथल्या पेशी मरतात, आणि मरता मरता त्या हाक देतात. हाकेला धावून येतात त्या पाडकाम करणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट. अनेक पेशी एकत्र येऊन झालेली ही एक मोठी पेशी हाडाला घट्ट चिकटते आणि चिकटलेल्या जागेत आम्ल सोडते. तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, जे आपल्या पोटात अन्न पचवतं. चुना विरघळतो, आणि घट्ट हाडातून दोन-तीन केसांच्या जाडीचा एक बोगदा खणला जाऊ लागतो. वेग दिवसाला फार तर ४० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर जायला पंचवीस दिवस. बोगद्यात मागोमाग रक्तवाहिनी शिरते, आणि तिच्या मागून येतात गवंडी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. ते भिंतीवर थरावर थर लिंपत बोगदा बुजवत आणतात, मधोमध फक्त रक्तवाहिनीपुरती वाट ठेवतात. काम संपलं की त्यातले काही गवंडी स्वतःच्याच बांधकामात चिणले जातात आणि नवे ऑस्टिओसाइट होऊन बसतात. पुढची हाक तेच देणार.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो, स्नायूतही राहतो. हाडात शेवटी पुन्हा हाडच होतं.

पण या कारागिरीत एक अडचण आहे, आणि मोरीवर बसलेल्या पोराचं दुखणं नेमकं तिच्यात आहे. पाडकाम आधी होतं आणि बांधकाम नंतर. एका जागी पोखरायला सुमारे तीन आठवडे पुरतात, ती जागा भरून पक्की व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नवा व्यायाम सुरू केल्यावर हाड आधी थोडं कमजोर होतं आणि मग मजबूत. जाहिरात आली, अर्ज भरला, ग्राउंडची तारीख कधीही लागेल म्हणून सहा महिने न पळालेला पोरगा एकदम रोज सात-आठ किलोमीटर पळू लागतो. पहिले पंधरा दिवस बरे जातात. दम वाढतो, पोटऱ्या भरतात, वेळ सुधारते. फुप्फुसं आणि स्नायू लवकर तयार होतात. नडगीत मात्र त्याच सुमाराला बोगदे उघडे पडलेले असतात आणि गवंडी नुकते कामाला लागलेले असतात. सोळाशे मीटरमध्ये साधारण हजारेक पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने जमीन उलटून मारते. त्यात पोटरीच्या स्नायूची ओढ हाडाला आणखी दाबते. घराची भिंत पाडून ठेवलेली असताना माळ्यावर पोती रचावीत, तसं हे होतं.

हे दुखणं पहिल्यांदा लिहून ठेवलं तेही लष्करी डॉक्टरने. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्टने १८५५ मध्ये लांब चालून आलेल्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं. सूज कशाची, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. रोंटगेनचे किरण १८९५ चे; १८९७ मध्ये श्टेखोव्हने त्या किरणांखाली तसली पावलं पाहिली तेव्हा आत मोडलेलं हाड दिसलं. मला इथे आपलं शिरूर आठवतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण रात्रभर चालून सकाळी कोरेगावला भीमेकाठी पोचली आणि तशीच दिवसभर लढली. त्या पायांत काय काय सोसलं गेलं असेल याची कुठे नोंद व्हावी, असा तो काळ नव्हता. इस्रायलच्या सैन्यात १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९५ नवे जवान १४ आठवड्यांच्या प्रशिक्षणात बारकाईने तपासले, तेव्हा त्यातल्या ३१ टक्क्यांच्या हाडांत अशा भेगा सापडल्या. निवडून घेतलेली, धडधाकट, तरणीबांड मुलं ती.

आणि घोडे. दौंडचा मुलूख जुन्या भीमथडीतला, आणि भीमथडीची घोडी मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजलेली; शिरूरला तर जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. म्हणून ही गोष्ट इथल्या वाचकाला सांगायला मला विशेष आनंद होतो. शर्यतीच्या घोड्यांना दोन वर्षांच्या वयात पळवायला सुरुवात केली की पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाला पुढून दुखणं लागतं. अमेरिकेत डेव्हिड न्यूनामेकर या पशुवैद्यकाने वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. शिंगरांना रोज लांब, संथ दौड देत असत, आणि हाड त्या संथ दौडीसाठी स्वतःला घडवत असे. शर्यतीच्या वेगात भाराची दिशाच बदलते, आणि त्या दिशेची तयारी हाडाने केलेलीच नसते. त्याने उपाय काढला तो लांब दौडी कमी करण्याचा आणि सुरुवातीपासून थोडा थोडा, अगदी आखूड पण वेगाचा सराव देण्याचा. घोड्यांचं दुखणं कमी झालं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत याहून नवलाची एक गोष्ट दिसली. हाडावर लागोपाठ भार देत गेलं तर विसेक वेळांतच आतल्या पेशी जवळजवळ बहिऱ्या होतात. पुढचे शेकडो दणके हाडाला झिजवतात, पण ‘मजबूत हो’ हा निरोप त्यातून नव्याने पोचत नाही. पूर्ण विश्रांती मिळाली की पेशींना परत ऐकू येऊ लागतं, आणि एका दिवसात ते बहुतेक सगळं भरून येतं. म्हणजे सकाळी दहा किलोमीटर एकदम रेटण्यापेक्षा सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं, मधे दिवसभराचं अंतर, हे हाडाच्या दृष्टीने जास्त किफायतीचं. एक दिवस सुट्टी घेतली तर आपण मागे पडू, या भीतीने मुलं रविवारीही पळतात. हाड त्या सुट्टीतच तयार होत असतं.

आता त्या पोराने करायचं काय? एक्स-रे काढला आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणाले, तर हुरळून जाऊ नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही भेग एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. हाडाच्या कडेला नव्या बांधकामाची पांढरी रेघ उमटली की मगच दिसते. एमआरआयमध्ये लवकर कळतं, पण तो प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून अंगठ्याने सांगितलेलं मानावं. पळणं थांबवावं. गोळी खाऊन किंवा इंजेक्शन घेऊन पळणं मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण दुखणं हाच त्या कोंडलेल्या पेशींचा आवाज आहे. नडगीच्या आतल्या कडेची भेग बहुधा सहा-आठ आठवड्यांत पळण्याजोगी होते, प्लास्टरची गरज सहसा लागत नाही. पुढच्या कडेची हट्टी असते, कधी कधी रॉड टाकावा लागतो. आणि दुखणं जांघेत, खुब्याच्या बाजूला असेल तर एकही दिवस न दवडता अस्थितज्ज्ञ गाठावा; तिथली भेग वाढली तर मांडीचं हाड मानेपाशी मोडतं.

थांबायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं नाही. भार पूर्ण काढला तर हाड झिजतं, अंतराळवीराचं झिजतं तसं. दुखत नसेल तितकं चालायचं, सायकल मारायची, पोहायची सोय असेल तर पोहायचं. दुखणं बसत आलं की पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एका. पोटरी दमली की पावलाचा दणका हाडाला जास्त सोसावा लागतो.

मुलींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आठशेची वेळ कमी यावी म्हणून कितीतरी मुली जेवण तोडतात. पोटात पुरेसं नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडाच्या बांधकामाचा खर्च कापतं. पळणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकली तर ‘मेहनतीमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरला दाखवावं. अमेरिकी नौदलात ५,२०१ नव्या भरती झालेल्या मुलींना आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, किंवा दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. खरी गोळी मिळालेल्यांमध्ये अशा भेगा २० टक्क्यांनी कमी आढळल्या. गवंड्यांना चुना लागतो. शिरूर-दौंडकडे गोठा घराला लागून आणि दुधाची गाडी रोज दारात. कॅनमध्ये ओतण्याआधी एक पेला पळणाऱ्या पोरीसाठी काढून ठेवावा, भाकरीवर तीळ सढळ हाताने लावावेत.

मग एके सकाळी, नडगी दाबून दुखत नाही, एका पायावर दहा उड्या मारल्या तरी दुखत नाही, अशी खात्री झाली की तो पोरगा परत येतो. डांबरावर नाही, कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेवर. एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, असं दहा वेळा, आणि उद्या सुट्टी. बाकीचे त्याला मागे टाकून पुढे निघून जातात. त्याच्या नडगीत तेव्हाही चुना घट्ट होत असतो. पुढचे कित्येक महिने, तो झोपलेला असतानाही, होत राहणार असतो.