एआयएफमध्ये १० हजार रुपये गुंतवता येतात का?

‘सेबी नोंदणीकृत एआयएफमध्ये फक्त १० हजारांपासून गुंतवणूक करा, दरमहा ठरावीक परतावा मिळवा.’ व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर असा मेसेज आला, तर सोबतचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासण्याआधी त्यातला आकडा बघा. नियमानुसार एआयएफमध्ये एका गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात.

एआयएफ म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड. म्युच्युअल फंडाप्रमाणे इथेही अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवले जातात, पण हा सगळा व्यवहार खासगी असतो. त्यासाठी सेबीने २०१२ मध्ये स्वतंत्र नियमावली आणली. त्यात फंडांचे तीन गट आहेत. स्टार्टअप, लघुउद्योग, पायाभूत सुविधा यांत पैसे घालणारे पहिल्या गटात येतात. हेज फंडासारखे, उसन्या पैशांवर मोठे सौदे करू शकणारे तिसऱ्या गटात. उरलेले, म्हणजे मुख्यतः प्रायव्हेट इक्विटी आणि कर्जरोख्यांतले फंड, दुसऱ्या गटात.

१ कोटीची अट कशासाठी?

नेहमीच्या ओपन-एंडेड म्युच्युअल फंडातून गरज पडली की पैसे काढता येतात. एआयएफचं तसं नाही. पहिल्या दोन गटांतल्या योजनांची मुदत किमान ३ वर्षांची असते. पैसा अनेकदा शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांत जातो, त्यामुळे त्याची आजची किंमत किती हे सांगणंही अवघड. हा धोका पेलण्याची ऐपत असलेल्यांनीच इथे यावं, असा नियमामागचा विचार आहे. (कोटी रुपये असलेला माणूस कागदपत्रं वाचतोच असं नाही, हा भाग वेगळा.)

या अटीतून काहींना सूट आहे. उदाहरणार्थ, फंडाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा २५ लाखांची आहे. ‘ॲक्रेडिटेड’ गुंतवणूकदारांनाही सवलत मिळते, पण तो दर्जा मिळवायला उत्पन्न आणि मालमत्तेचे मोठे निकष आहेत. १० हजारवाला यातल्या कुठल्याच खिडकीत बसत नाही.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. एआयएफला लोकांकडून जाहीरपणे पैसे मागता येत नाहीत. निवडक गुंतवणूकदारांना माहितीपत्र देऊनच पैसे उभारायचे, आणि सर्वसाधारण योजनेत १,००० पेक्षा जास्त गुंतवणूकदार नकोत, असा नियम आहे. म्हणजे अनोळखी ग्रुपवर फिरणारं आमंत्रण हेच मुळात नियमाबाहेरचं.

नोंदणीकृत फंडांची यादी सेबीच्या वेबसाइटवर आहे. पण नाव यादीत सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. भामटे खऱ्या फंडाचं नाव आणि नोंदणी क्रमांक सर्रास वापरू शकतात. पैसे कुणाच्या खात्यात मागितलेत ते बघा. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर किंवा यूपीआय आयडीवर मागितले असतील तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर? सेबीचं ‘स्कोअर्स’ हे तक्रार पोर्टल नोंदणीकृत संस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, बनावट फंड तिथे सापडणार नाही. अशा वेळी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.