चोपन्न बर्थ आणि एक बंब

मॉस्कोच्या यारोस्लावस्की स्थानकापासून व्लादिवोस्तोकपर्यंतचा रेल्वेमार्ग ९२८९ किलोमीटरचा आहे. ‘रोसिया’ ही गाडी तो जवळजवळ सात दिवसांत पार करते. १८९१मध्ये काम सुरू झालं आणि १९१६मध्ये खाबारोव्स्कजवळचा आमूर नदीवरचा पूल झाला, तेव्हा कुठं हा मार्ग रशियाच्या हद्दीतून सलग जोडला गेला. त्याबद्दल आपल्याकडं वाचायला मिळतं ते बहुतेक खिडकीबाहेरचं: बर्च, बर्फ, बैकल. मला डब्याच्या आतलं जास्त महत्त्वाचं वाटतं. सात दिवसांच्या प्रवासात बर्चची झाडं दुसऱ्या दिवशी सवयीची होतात. शेजारचा माणूस मात्र रोज थोडा थोडा कळत जातो.

या मार्गावरच्या साध्या डब्याला प्लात्सकार्त म्हणतात. आपल्या स्लीपर क्लासमधून फिरलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. समोरासमोर बर्थ, मधून वाट, पलीकडं साइड लोअर, साइड अप्पर. दार कुठंच नाही. एका कप्प्यात आडवे चार आणि बाजूचे दोन, असे नऊ कप्पे, म्हणजे ५४ बर्थ. मधला बर्थ नाही. वर तिसरी फळी दिसते, पण ती सामानासाठी आणि गुंडाळलेल्या गाद्यांसाठी. मधला बर्थ रात्री दहाला टाकायचा की आधी, हा आपला नेहमीचा वाद तिथं उद्भवत नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे. टेबल खालच्या दोन बर्थांच्या मध्ये. मग वरच्यानं जेवायचं कुठं? तो खाली उतरतो, खालचा आपलं अंथरूण सरकवून जागा करतो. उकडलेली अंडी, काकडी, काळा पाव, भाजलेली कोंबडी असं घरून आणलेलं टेबलावर मांडलं जातं आणि समोरच्याला विचारल्याशिवाय कुणी एकट्यानं खायला सुरुवात करत नाही. गाडीत चढल्यावर लोक बाहेरचे कपडे बदलून घरचे घालतात, पायात सपाता सरकवतात. परक्यांसमोर घरच्या कपड्यांत बसलं की बोलणं सोपं होत असावं.

डब्याच्या एका टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते, तिचं तिथलं नाव तितान. जुन्या डब्यांत ती आपल्या न्हाणीघरातल्या बंबासारखी लाकूड-कोळशावर तापायची. नव्या डब्यांत वीज आली. पाणी रात्रंदिवस मिळतं, फुकट मिळतं, आणि सर्वांत स्वस्त तिकीटवाल्यालाही मिळतं. डब्यातलं सगळं खाणंपिणं या नळाभोवती फिरतं. चहा, कॉफी, झटपट नूडल्स, भिजवून खायचं बटाट्याचं पीठ. लहान मुलाचं दूध तिथंच होतं, म्हाताऱ्या माणसाचं औषधही त्याच पाण्याबरोबर घेतलं जातं. कप घेऊन नळापाशी उभं राहिलं की अर्धा डबा भेटतो.

या बंबाची मालकीण म्हणजे प्रोवोदनित्सा. प्रत्येक डब्याची जबाबदारी एका बाईवर असते (पुरुषही असतात, पण कमी), आणि लांबच्या गाडीत दोघी पाळीपाळीनं जाग्या राहतात. दारात तिकीट आणि पासपोर्ट ती पाहते, मोहोरबंद पाकिटातल्या चादरी-अभ्रे ती देते, संडास-वाट ती झाडते-पुसते. धातूच्या नक्षीदार पकडीत बसवलेला काचेचा पेला मागितला तर तोही तीच देते. उतरताना मात्र परत करायचा. हिवाळ्यात डबा गरम ठेवणाऱ्या भट्टीत कोळसा घालायचं काम तिचं आणि थांब्यावर उतरून डब्याखाली गोठलेला बर्फ फोडायचं कामही तिचंच. जुन्या डब्यांचे संडास मोठ्या शहरांजवळ बंद करावे लागतात, त्यावरून होणारी बोलणीही तीच ऐकून घेते. आणि पहाटे तीनला कुणाचं स्थानक येणार असेल, तर ती त्याच्या पायाला हलकेच हात लावून उठवते. एवढ्या एका गोष्टीमुळं प्रवासी निर्धास्त झोपतो. आपल्या एसी डब्यात अटेंडंट असतो. स्लीपर क्लासला मात्र असं आपलं म्हणावं असं कुणीच नसतं, याची मला खंत वाटते.

पूर्वेकडं जाताना रोज साधारण एक तास हरवतो, कारण मॉस्को आणि व्लादिवोस्तोकच्या घड्याळांत सात तासांचं अंतर आहे. ऑगस्ट २०१८पर्यंत तिकिटांवर सगळीकडं मॉस्कोची वेळ छापली जाई. सैबेरियात बाहेर अंधार पडला तरी स्थानकावरच्या घड्याळात दुपार असायची. आता स्थानिक वेळ छापतात. डब्यात तरी लोक भूक लागली की जेवतात आणि डोळे मिटू लागले की झोपतात. इर्कुत्स्कनंतर गाडी बैकलच्या काठानं सुमारे २०० किलोमीटर धावते, तेव्हा झोपलेल्यांनाही हाका मारून उठवलं जातं. या सरोवराची कमाल खोली १६४२ मीटर आहे. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर.

चीनमध्ये हेच जग जास्त शिस्तीचं आहे. तिथल्या ‘कठीण शय्या’ डब्यात ६६ बर्थ, तीन मजले, आणि वर जावं तसं तिकीट स्वस्त. वरच्यांसाठी वाटेतल्या खिडक्यांशी दुमडत्या खुर्च्या केलेल्या आहेत, त्यामुळं खालच्याकडं जागा मागावी लागत नाही. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. उकळतं पाणी इथंही फुकट. २००६पासून ल्हासापर्यंत गाडी जाते. तांगुला खिंडीत रूळ ५०७२ मीटरवर पोचतात, म्हणून बर्थशेजारी प्राणवायूची सोय आहे.

युरोपात झोपेच्या गाड्या बंद पडत चालल्या होत्या. ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं २०१६च्या अखेरीस जर्मनीनं सोडलेले रात्रीचे मार्ग उचलले आणि ‘नाइटजेट’ सुरू केली. २०२३मध्ये आलेल्या नव्या गाड्यांत एकेका माणसासाठी बंद होणाऱ्या छोट्या खोल्या आहेत. एकट्या फिरणाऱ्या बाईला दाराची कडी किती मोलाची असते, हे प्लात्सकार्तचं कौतुक करताना विसरून चालणार नाही. आफ्रिकेत दारेस्सलाम ते कापिरी म्पोशी या १८६० किलोमीटरच्या ताझारा मार्गावर ही काळजी वेगळ्या रीतीनं घेतात: पूर्ण कंपार्टमेंट घेतला नसेल, तर बायका आणि पुरुष वेगवेगळ्या कंपार्टमेंटमध्ये.

सगळ्यात हेवा मात्र मला बंबाचाच वाटतो. आपली दिब्रुगड–कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेस चार हजार किलोमीटरांहून जास्त धावते आणि त्यात तीन रात्री काढाव्या लागतात. तिच्या स्लीपर डब्यात तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईला कपभर गरम पाण्यासाठी पँट्रीवाल्याची वाट पाहावी लागते. प्रत्येक डब्याच्या टोकाला तितानसारखा एक विजेचा बंब आणि त्याच्याकडं बघणारं एक माणूस, एवढं आपल्या रेल्वेनं या गाडीपासून सुरू करावं.