घाटवाटा आणि गिअर
डोंगरी सफरींचा आनंद आणि सायकलींच्या रचनेविषयीचे कुतूहल यांची सांगड घालण्याचे बरेचसे श्रेय फ्रान्समधील सेंत-एत्येनचे पॉल द विवी ऊर्फ ‘व्हेलोसियो’ यांना जाते, कारण त्यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मासिकात प्रवासवर्णनांबरोबर यंत्रांची चिकित्साही होत असे. शहरालगतच्या ११६१ मीटर उंचीच्या कोल द ला रेपुब्लिक या खिंडीच्या चढावर एकाच गिअरची, म्हणजे पायडलच्या प्रत्येक फेरीत ठरावीकच अंतर कापणारी, सायकल दमछाक करते, तर साखळी लहानमोठ्या दातेरी चक्रांवर सरकवणारा डिरेलर तेच श्रम अधिक फेऱ्यांत वाटून देतो. तरीही टूर द फ्रान्सच्या संयोजकांनी, काहीशा हट्टानेच, स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा १९३७ पर्यंत दिली नाही.