लुगड्याची गाठ सुटत का नाही?

इ. स. १७३२ मध्ये पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये नाजूक, वळणदार नक्षीची 'रोकोको' शैली बहरत होती. दोन्हीकडच्या स्त्रियांच्या पोशाखांना कापड भरपूर लागे. पण ते अंगावर टिकविण्याच्या युक्त्या अगदी वेगळ्या होत्या.

फ्रेंच दरबारातील स्त्री झग्याखाली 'पॅनिए' नावाचा सांगाडा कमरेला बांधी. त्यामुळे झगा दोन्ही बाजूंना एवढा फुगे, की अरुंद दारातून तिला आडवे होऊन जावे लागे. हा सांगाडा वेताचा किंवा देवमाशाच्या जबड्यातील पट्ट्यांचा असे. या पट्ट्यांना 'हाड' म्हणत, पण त्या असतात केराटिनच्या, म्हणजे आपली नखे ज्या पदार्थाची बनतात त्याच्या. त्या वाकतात आणि सोडताच पूर्ववत होतात. झग्याचा आकार असा स्थितिस्थापकतेवर टिके. छातीवरचा भाग मात्र टाचण्यांनी व नाड्यांनी अडकवावा लागे.

आता आपले नऊवारी लुगडे पाहा. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. त्याला ना शिलाई, ना टाचणी, ना सांगाडा. कमरेला एक गाठ, खोचलेल्या निऱ्या आणि मागे घट्ट कासोटा, बस्स! आमच्या बीबीकडच्या म्हाताऱ्या बाया असे लुगडे नेसून कापूस वेचतात. ओटी भरत जाते, ओझे वाढते, वाकणे-उठणे चालूच असते. तरी गाठ जागची हलत नाही. हे कसे?

याचे उत्तर आहे घर्षण. बुजलेला बैल आवरताना शेतकरी दोर खुंटाला दोन वेढे घालतो आणि सैल टोक एका हाताने धरतो. याचे गणित त्याच अठराव्या शतकातील ऑयलर (१७०७-१७८३) या गणितज्ञाने मांडले. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने आपले बळ सुमारे ६.६ पट ओढ थोपविते. दोन वेढ्यांनी १३ पट नव्हे, तर ४३ पट. आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८६ पट! प्रत्येक वेढा बळाची बेरीज नव्हे, गुणाकार करतो.

गाठीत कापड स्वतःभोवतीच वेढे घेते. ओढ वाढली की वेढे एकमेकांवर अधिक दाबले जातात आणि घर्षणही वाढते. निऱ्या कमरेच्या घट्ट वेढ्याखाली अशाच दाबून राहतात. सुती धाग्यावर बारीक तंतू उभे असतात, म्हणून सुती लुगडे पक्के बसते. गुळगुळीत रेशीम लवकर सरकते.

युरोपातील कष्टकरी स्त्रीला पॅनिए घालून काम करणे शक्यच नव्हते. तो दरबारचा थाट होता. कासोटा मात्र वाड्यातही होता आणि शेतातही. फरक होता तो कापडाचा. लुगड्याला जुनाट म्हणून हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. कोणतेही सूत्र न शिकता आपल्या आज्या-पणज्यांनी घर्षण कामाला लावले, आणि पाय मोकळे ठेवले.

करून पाहा : गोल पेन्सिल आडवी घट्ट धरा. तिच्यावरून दोरा टाकून एका टोकाला कुलूप आणि दुसऱ्या टोकाला खोडरबर बांधा. कुलूप खाली जाईल. आता दोऱ्याचा आणखी एक वेढा द्या, मग दुसरा. कुलूप कधी थांबते ते लिहून ठेवा. सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा दोरा घेतला, तर वेढे जास्त लागतील की कमी? आधी अंदाज करा, मगच प्रयोग.