नावापुढची चांदणी

विरामचिन्हांच्या प्रकरणात एका चिन्हाच्या वाट्याला नेहमीच उपेक्षा येते. ते म्हणजे तारकाचिन्ह. मुले त्याला सरळ 'चांदणी' म्हणतात. शब्दाच्या शेजारी ही चांदणी दिसली की समजावे, पानाच्या तळाशी काही खुलासा दिलेला आहे. बिचारे चिन्ह एवढेच सुचवते की, 'जरा थांबा, अजून थोडे सांगायचे राहिले आहे.' पूर्णविरामाचा दरारा त्याच्यापाशी नाही आणि उद्गारचिन्हाचा थाटही नाही. पण याच निरुपद्रवी चिन्हाने एखाद्या माणसाच्या जन्माच्या कमाईवर डाग देता येतो, हे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या प्रेक्षकांनी जगाला दाखवून दिले. ती हकिगत मोठी वाचनीय आहे, आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती जरूर ऐकावी अशी आहे.

बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू सीमेपार प्रेक्षकांत भिरकावला की त्याला 'होम रन' म्हणतात. आपल्या षट्काराचा तो चुलतभाऊच. मात्र षट्कारापेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक. आयुष्यभरात सर्वांत जास्त होम रन कोणी काढले, हा अमेरिकेतला जवळजवळ राष्ट्रीय प्रश्न आहे. बेब रूथचे ७१४ होते. १९७४ साली हँक एरन या कृष्णवर्णी खेळाडूने त्याला मागे टाकले, तेव्हा त्याला धमक्यांची आणि शिव्यागाळीची पत्रे ढिगाने आली. एरनने पुढे ७५५ पर्यंत मजल मारली. आणि ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने ७५६ वा होम रन मारून तोही विक्रम मोडला.

तो ७५६ वा चेंडू लिलावात गेला. मार्क एको नावाच्या कपड्यांच्या व्यापाऱ्याने तो साडेसात लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजून घेतला आणि लोकांनाच विचारले, 'याचे काय करू? आहे तसा संग्रहालयाला देऊ, चांदणी कोरून देऊ, की अंतराळात उडवून देऊ?' एक कोटीच्या आसपास मते पडली. निम्म्याच्या जवळपास लोक म्हणाले, चांदणी कोरा! आज कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात तो चेंडू कातड्यावर चांदणी कोरलेल्या अवस्थेत आहे. न्यायालयाविना, वकिलाविना दिलेला असा निकाल क्वचितच पाहायला मिळेल.

आता गुन्हा काय, ते पाहू. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरोन नावाचे द्रव्य निसर्गतःच तयार होते. त्याच्यासारखी कृत्रिम द्रव्ये म्हणजे ही 'स्टेरॉइड्स'. डॉक्टर दम्यावर किंवा सांधेदुखीवर ज्या स्टेरॉइड्स देतात त्या निराळ्या. घरात कोणी घेत असेल तर घाबरून जाऊ नये. खेळाडूंच्या या औषधांनी स्नायू भराभर वाढतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थकलेले शरीर लवकर सावरते. आज भरपूर व्यायाम केला तरी उद्या पुन्हा तेवढाच करता येतो. बॅट थोडी अधिक वेगाने फिरते, आणि जो चेंडू कुंपणाजवळ झेलला गेला असता तो पाच-दहा हात पुढे जाऊन प्रेक्षकांत पडतो. याची किंमत हृदय, यकृत आणि मन यांना मोजावी लागते, हे निराळे सांगायला नको.

अमेरिकेत १९९४ साली बेसबॉलपटूंनी संप केला, त्या वर्षीची अंतिम स्पर्धाही रद्द झाली आणि प्रेक्षक रुसले. तो रुसवा काढला १९९८ सालच्या उन्हाळ्याने. मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांत एका हंगामातल्या होम रनची शर्यत लागली. १९६१ पासून रॉजर मॅरिसचा ६१ चा विक्रम अबाधित होता. मॅग्वायरने ७० काढले, सोसाने ६६! बायाबापड्या रात्री आकडे विचारूनच झोपत. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या कपाटात स्नायुवर्धक गोळ्यांची बाटली दिसली. ती द्रव्ये तेव्हा तिथल्या दुकानांत उघड मिळत, आणि बेसबॉलमध्ये त्यांच्यावर बंदीही नव्हती. बातमी छापून आली, तेव्हा रोष कोणावर झाला? बाटलीवाल्यावर नव्हे, वार्ताहरावर! 'दुसऱ्याच्या कपाटात डोकावतोसच का?' असे त्याला विचारण्यात आले.

स्टेरॉइड्स वर्ज्य आहेत असे पत्रक बेसबॉलच्या आयुक्तांनी १९९१ सालीच काढले होते. पण तपासणीच नसेल तर पत्रकाला कोण विचारतो? तपासणी सुरू झाली २००३ मध्ये आणि शिक्षा २००४ पासून. २००५ मध्ये खेळाडूंना संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. त्याच दिवशी, या औषधांच्या पायी तरुण मुले गमावलेल्या आईबापांनीही तिथे साक्ष दिली. २००७ च्या डिसेंबरात जॉर्ज मिचेल यांच्या चौकशी-अहवालात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे आली. मॅग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून काही घेतल्याचे कधीच मान्य केले नाही. आपण जवसाचे तेल आणि सांध्यांचे मलम लावतो आहोत अशीच आपली समजूत होती, असे त्याने साक्षीत सांगितल्याचे वर्तमानपत्रांत आले. २०११ मध्ये न्यायकार्यात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, २०१५ मध्ये तोही निकाल रद्द झाला. मात्र लोकांच्या न्यायालयात अपील नसते!

आणि हे न्यायालय गावागणिक बदलते. २००६ च्या एप्रिलमध्ये सॅन दिएगोच्या मैदानावर कोणीतरी बाँड्सच्या दिशेने इंजेक्शनची पिचकारी फेकली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र तोच माणूस मैदानात उतरला की लोक उभे राहत. २०१८ मध्ये तिथल्या संघाने त्याचा २५ हा क्रमांक यापुढे कोणालाच न देण्याचे ठरवून त्याचा समारंभपूर्वक गौरव केला. माझी थोरली बहीण त्याच परिसरात राहते. काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी तिच्याकडे गेलो असता भाच्याशी या विषयावर वाद घातला. तो जन्मापासून तिथलाच. मराठी घरचे, पण बेसबॉल रक्तात भिनलेले.

"मामा, तू असं बघ," तो म्हणाला, "त्या काळात चेंडू टाकणारेही औषधं घेत होते. मग हिशेब बरोबरच झाला की! आणि औषधानं दंड भरतात, नजर थोडीच येते? ताशी नव्वद मैलांनी येणारा चेंडू बॅटला लागायला तर हवा ना?"

"मग लॉस एंजेलिसच्या एखाद्यानं हेच केलं असतं तर?" मी विचारले.

तो हसला. म्हणाला, "तो चोरच!"

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरं काय!"

पन्नास पानी प्रबंधात जे मावले नसते, ते तिने एका म्हणीत सांगितले.

असे वाटेल की सामान्य प्रेक्षक भावनेच्या आहारी जातो, जाणकार मंडळी तरी तोलून मापून बोलत असतील. पण कूपर्सटाउनच्या 'हॉल ऑफ फेम'चा, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या मंदिराचा, कारभार पाहा. तिथे प्रवेशासाठी बेसबॉलच्या बातमीदारांची ७५ टक्के मते लागतात आणि दहा वर्षे संधी मिळते. बाँड्सला दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्के मिळाली. रॉजर क्लेमेन्स हा थोर गोलंदाजही संशयापायी असाच बाहेर राहिला. त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फेरीत आत गेला. २००३ च्या गुप्त चाचणीच्या यादीत त्याचेही नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली होती. त्याने इन्कार केला, आणि त्या चाचण्यांतल्या काहींबद्दल शंका घ्यायला जागा आहे, असे खुद्द आयुक्तांनी सांगितले. ते खरेही असेल. पण ऑर्टिझ हसतमुख, सर्वांना मिठी मारणारा. बाँड्स तुसडा, वार्ताहरांना फटकारणारा. संशयाचा फायदा कोणाला मिळाला हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक गंमत. ज्यांच्या कारकिर्दीत हा सारा प्रकार चालला, ते आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने या मंदिरात दाखल झाले. पुजारी गाभाऱ्यात आणि नवस फेडणारे दाराबाहेर! शिवाय जुन्या पिढीतले खेळाडू उत्तेजक गोळ्या घेत, ही गोष्ट जगजाहीर आहे. त्या गोळ्यांची तपासणी बेसबॉलने २००६ मध्ये सुरू केली. फार कशाला, १८८९ साली पड गॅल्विन नावाच्या गोलंदाजाने प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क टोचून घेतला होता आणि वर्तमानपत्राने त्याचे कौतुक केले होते. १९६५ पासून तोही मंदिरात आहे.

आपण मात्र याला हसू नये. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्नच्या चाचणीत लघवी वाढवणारे, निषिद्ध औषध सापडले. आईने बारीक दिसण्यासाठी गोळी दिली, असे त्याने सांगितले. त्याच्यावर वर्षभराची बंदी आली, आणि आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर त्या खुलाशाची यथेच्छ टिंगल झाली. पाचच वर्षांनी तो राजस्थानचा कर्णधार म्हणून आयपीएलचा चषक जिंकून गेला, तेव्हा तोच कट्टा त्याच्या डोक्याची तारीफ करत होता. पुढे २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या चाचणीत खोकल्याच्या औषधातले टर्ब्युटलिन सापडले. ते अजाणता घेतले गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी घातली. या वेळी कट्ट्यावर कोणी हसले नाही. "पोराला खोकला झाला होता हो!" असे शेजारच्या काकांनी इतक्या कळवळ्याने सांगितले की, जणू चमचा त्यांनीच भरून दिला होता. तो खुलासा खरा मानायला माझी हरकत नाही. माझे म्हणणे इतकेच की, वॉर्नच्या आईची गोळी ऐकताना आपल्याला हसू आले आणि आपल्या मुलाचा खोकला ऐकताना दया आली. पुरावा दोन्ही वेळा आपण वाचलाच नव्हता.

तर मग या साऱ्या वादात खरे नुकसान कोणाचे झाले? बाँड्सचे म्हणाल, तर त्याचे ७६२ होम रन आजही नोंदवहीत जसेच्या तसे आहेत. तिथे चांदणी नाही. एरन म्हणाल, तर त्याचा मान लोकांच्या मनात उलट वाढला. नुकसान झाले ते ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्यांचे.

डॅन नॉल्टी नावाचा एक गोलंदाज होता. १९९४ साली तो फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स येथे खालच्या पायरीच्या संघात खेळत होता. उंच, पण हडकुळा. त्याने स्टेरॉइड्स घेतली, अंग भरले, चेंडूचा वेग वाढला, आणि १९९६ मध्ये तो वरिष्ठ दर्जाच्या सामन्यांत पोहोचला. १९९९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज अजिंक्य ठरले, त्या संघात तो होता. पुढे त्याने सारे कबूल केले आणि तो धर्मोपदेशक झाला. २०१२ मध्ये एका क्रीडा-साप्ताहिकाने फोर्ट मायर्सच्या त्याच संघातल्या आणखी तीन गोलंदाजांचा शोध घेतला. तिघांनी औषधाला हात लावला नव्हता. तिघांपैकी एकही जण वर पोहोचला नाही. ते घरी गेले, पोटापाण्याच्या उद्योगाला लागले. नॉल्टीने नंतर मनापासून पश्चात्ताप व्यक्त केला. पण गेलेला हंगाम पश्चात्तापाने परत येत नाही.

वर चढण्याच्या शिडीवर जागा मोजक्याच असतात. एकाने औषध घेऊन पाय रोवला की, न घेणारा एक खाली राहतो. त्याला कोणी शिट्ट्या मारत नाही, टाळ्याही देत नाही. त्याचा चेंडू लिलावात जात नाही. बाँड्स देव की चोर, यावर लाखो लोक रात्र रात्र भांडले. या माणसाच्या बाजूने भांडायला एकही उठला नाही, कारण तो कोणाचाच बाब्या नव्हता. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाबद्दल आपण 'त्यानं दुसऱ्याचं काय नेलं?' असे म्हणतो, तेव्हा यादीत एका जागेने खाली सरकून प्रवेश हुकलेल्या मुलीचा चेहरा आपल्याला असाच दिसत नाही.

म्हणून मला वाटते, त्या चेंडूवर चांदणी कोरली ती वाईट नाही. वाईट हे की, चांदणी कोरून लोक मोकळे झाले आणि तळटीप लिहायला विसरले. ती लिहायची तर तीत खेळाडूच्या औषधाबरोबर, तपासणीला बारा वर्षे लावणारे अधिकारी आले पाहिजेत, १९९८ मध्ये बाटलीऐवजी बातमीवर रागावलेली मंडळीही आली पाहिजेत. आणि सर्वांत शेवटी, थोडी जागा कोरी सोडली पाहिजे, जे प्रामाणिक राहिले आणि म्हणूनच आपल्याला कधी दिसले नाहीत, त्यांच्या नावांसाठी.