टर्की उतरली, पुढे काय?

"मामा, सातशे रुपये असतील का? प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढायच्यात."

ह्या झेरॉक्सना मी वर्षभर पैसे पुरवीत होतो. भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे नेरूळला राहायला आलेला. ताईने विश्वासाने सोपवलेला. मुलगा हुशार, मितभाषी. तो वाळत चालला होता हे दिसत होते, पण मी ते मेसच्या जेवणावर ढकलले. बाथरूमच्या खिडकीत हिला चॉकलेटची चांदी सापडली. तिच्यावर एक काळी नागमोडी रेघ उमटलेली होती आणि चांदी खालून करपलेली होती. "चॉकलेट कुणी भाजून खातं का हो?" तिने विचारले. मी हसलो.

हसलो, आणि त्याच आठवड्यात वर्गात अनिल अवचटांच्या 'गर्द'वर तासभर बोललो! त्या पुस्तकात ही चांदी आहे, तिच्यावर ठेवलेली ब्राउन शुगर आहे, खालून लावलेली काडी आहे आणि नळीने ओढलेला धूर आहे. मी मुलांना त्यातली साधी वाक्यरचना समजावून देत होतो. आमच्या विषयातल्या माणसाला शैली आधी दिसते आणि घर मागाहून. असो. भाच्याची आणि ताईची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे.

कळल्यावर आम्ही जे केले, ते बहुतेक घरे करतात. आधी रडारड, मग शपथा आणि त्यानंतर गुप्तता. शेजाऱ्यांना "कावीळ झाली" म्हणून सांगितले आणि त्याला एका खासगी ठिकाणी दहा दिवस ठेवले. "संपूर्ण शरीरशुद्धी" हा त्यांचा शब्द. पैसे पुष्कळ पडले, ताईने पाटल्या मोडल्या.

ते दहा दिवस काय असतात, हे आता मला ठाऊक आहे. अफू, मॉर्फीन, हेरॉइन ही सारी एकाच घरातली भावंडे. मेंदूत त्यांना बसायला ठरावीक जागा आहेत; १९७३ साली शास्त्रज्ञांना त्या सापडल्या. शरीर स्वतःची वेदनाशामके तयार करते, त्यांच्यासाठी त्या जागा. बाहेरचा माल रोज येऊ लागला की मेंदू त्याच्या हिशेबाने घडी बसवतो. माल थांबला की घडी विस्कटते. हेरॉइनच्या बाबतीत आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो. मग पोटात पिळा, जुलाब, हाडांत कळा; झोप तर नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याभरात बरेचसे ओसरते. व्यसनी मंडळी ह्याला 'टर्की' म्हणतात. योग्य औषधे दिली तर हा काळ पुष्कळ सुसह्य होतो. आमच्या भाच्याचाही झाला. तो घरी आला तेव्हा गाल भरले होते. ताईने सत्यनारायण घातला. मी पेढे आणले.

बाराव्या दिवशी तो बाथरूममध्ये पडला.

दार फोडले तेव्हा ओठ निळे होते, श्वास मिनिटाला चार-पाच असेल-नसेल. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर धावत आल्या म्हणून तो इस्पितळापर्यंत जिवंत पोहोचला. तिथे नॅलॉक्सोन टोचल्यावर त्याने डोळे उघडले. हे औषध त्या जागांवरून अफूवर्गीय द्रव्याला ढकलून देते. पण त्याचा अंमल लवकर संपतो, म्हणून रोगी शुद्धीवर आला तरी लगेच घरी न्यायचा नसतो.

"जास्त घेतलं होतंस का रे?" मी विचारले.

"नाही मामा. पहिल्यापेक्षा निम्मंच."

ते खरे होते, आणि ते मला कुणीच सांगितले नव्हते. नशा थांबली की शरीराची सहनशक्ती ओसरते. पूर्वी पचत होती ती मात्रा आता जीव घेते. म्हणजे शुद्धी करून नुसते घरी पाठवलेला रुग्ण एका अर्थी पहिल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. पेढे वाटण्याच्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून बसायला हवे होते.

सरकारी इस्पितळातले मनोविकारतज्ज्ञ तरुण होते, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली. "किती दिवस?" ताईने विचारले. "दिवसांत नका मोजू," ते म्हणाले. गोळीचे काम त्यांनी असे सांगितले: कुलपात किल्ली जाते, पण अर्धीच फिरते. तळमळ शमते, पण पूर्वीसारखी धुंदी येत नाही. आणि ती किल्ली कुलपात आहे तोवर दुसरी सहसा शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हे औषध आणि मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले आहे. आमच्या नातेवाइकांचे मत मात्र निराळे पडले. "एक व्यसन सोडवायला दुसरं लावलं!" गोळी बंद करण्यासाठी त्याच्यामागे लकडा लावणाऱ्यांत माझे धाकटे काका होते, स्वतः तंबाखूची चंची जवळ बाळगून.

आपल्याकडे ही वस्तू काही परकी नाही. संस्कृतातले 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हे अरबी 'अफ्यून'ला चढवलेले सोवळे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापाराच्या पैशावर ह्या शहरातल्या कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवीत. दिवसभर पाळण्याशी कोण बसणार? हेरॉइन तर १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले! आजही दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे हाच रस्ता दाखवू शकतात. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले ते उगीच नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत देशात अफूवर्गीय द्रव्ये घेणारे सव्वादोन कोटींच्या वर आणि मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख निघाले. आपला एकच मुलगा बिघडला, असे मनात म्हणत किती घरांनी दारे लावून घेतली असतील!

मी 'गर्द' पुन्हा वाचले. ह्या खेपेला शैली दिसली नाही. ते लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत पुढे केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झाले. कर्त्या होत्या डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टर. त्या १९९७ साली गेल्या आणि अनिल अवचट २०२२ साली. काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे चालवले. तिथली दोन वैशिष्ट्ये मला फार मोलाची वाटतात. निवासी उपचार पस्तीस दिवसांचे, म्हणजे टर्की उतरल्यावर खरे काम सुरू होते. आणि बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते व समुपदेशक होतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गटही आहे. घरातल्यांनाही उपचार लागतात, हे मी तरी स्वतःवरून मान्य करतो.

पोलिसांची भीती आम्हालाही होती. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे: अल्प प्रमाणापुरते प्रकरण असेल आणि व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनातून उद्भवणारे विकारही आपल्या कक्षेत घेतले आहेत. त्या कायद्याप्रमाणे रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध आहे. "आमच्याकडे दोन फटके देऊन सरळ करतात" असे कुणी अभिमानाने सांगितले, तर तिथून मुलाला घेऊन उठावे. आम्ही मात्र एकेकाळी असेही ठिकाण विचारून ठेवले होते.

ह्याला दोन वर्षे होत आली. मध्ये एकदा तो घसरला. त्याने स्वतः येऊन सांगितले आणि डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मला तेवढे शांत राहता आले नाही. इंजिनिअरिंग सुटले, आता तुर्भ्याला एका गोदामात हिशेब लिहितो. रात्री जेवणानंतर हिच्यासमोर गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती विरघळेपर्यंत बोलायचे नसते म्हणून दोघे गप्प बसून राहतात.

परवा हिने भाजणीचे सामान आणायला त्याला सांगितले. पैसे माझ्याकडे मागायला आला. पाकीट काढताना माझा हात क्षणभर अडखळला. त्याने ते पाहिले. मी हजार रुपये दिले. तासाभराने पिशवी, उरलेली मोड आणि दुकानाचे बिल टेबलावर ठेवून तो आत गेला. मी बिल मागितले नव्हते. वर्तमानपत्र उघडून मी तिकडे न पाहिल्यासारखे केले. तो आत गेल्यावर मात्र घडी उलगडून चणाडाळीपासून धण्यांपर्यंत एकेक रक्कम वाचून काढली.